कोठीचं झाकण लावण्याआधी

कडुनिंबाचा पाला, तमालपत्र, लवंगा, सुक्या मिरच्या, कोणाकडे तर चक्क आगपेटी. धान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं असं आमच्या रामबागेत कोणालाही विचारा, ह्यातलं एक तरी नाव निघतंच. मी इंदूरच्या छावणी मंडीत एका अडत्याकडे वह्या लिहिण्यात नोकरी घालवली. माल येताना पाहिला, माल परत जाताना पाहिला, आणि वर्षभर पडून राहिलेला मालही पाहिला. त्यावरून माझं ठाम मत असं की कोठीत पाला किती टाकला ह्याला फारसा अर्थ नाही. कोठीत शिरताना गहू कसा होता, त्यावर सगळं ठरतं.

कारण साधं आहे. कीड आपल्याकडे मुख्यतः दोन वाटांनी येते: एक तर धान्यातूनच, दुसरी मागच्या वर्षीच्या कोठीच्या सांदीतून. सोंड्याची मादी (इंदुरात हिला सुरसुरी म्हणतात) गव्हाच्या दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. दाणा वरून अगदी शहाण्यासारखा दिसतो. अळी आतच वाढते आणि गरम-दमट दिवसांत महिना-सव्वा महिन्यात पूर्ण वाढलेला सोंडा दाणा फोडून बाहेर येतो. मग घरात चर्चा सुरू होते, ‘इतका निवडून भरला होता, आले कुठून?’ आले कुठून नाही, भरलेच होते आपण. ती अंडी वाढू द्यायची नाहीत, हे आपलं काम. आणि त्यासाठी ओल काढणं हे पहिलं, दुसरं, तिसरं.

आता घेण्यापासून सुरू करू.

नवा गहू मंडीत मार्चअखेरीपासून दिसू लागतो. शरबती घ्या नाही तर लोकवन, पारख एकच. पोत्याच्या वरचा गहू सगळ्यांचाच चांगला असतो, म्हणून मंडीत पोत्यात परखी खुपसून मधला माल काढून बघतात. तुमच्याकडे परखी नसली तरी हात आहे. कोपरापर्यंत आत घाला. बाहेर सावली असून पोतं आतून कोमट लागलं, तर समजा की आत ओल आहे किंवा किडे कामाला लागलेत. ते पोतं सोडा, भाव कितीही गोड असो. मग मूठभर गहू तळहातावर घेऊन फुंकर मारा. हातावर पिठाची भुकटी राहिली तर कोणीतरी आधीच खाऊन गेलंय. वास घ्या. शेवटी चार दाणे दाढेखाली: कट्‌ असा आवाज होऊन दाणा फुटला पाहिजे. दबला, चपटला, दातांना चिकटला, तर अजून कच्चा आहे. सरकारी खरेदीत गव्हाच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्के धरतात. घरात यंत्र नाही, पण कट्‌ करून फुटणारा दाणा त्याच्या आसपास असतो.

मूग, चवळी, हरभरा अख्खा घेणार असाल तर चष्मा लावून घ्या. कडधान्याचा भुंगेरा अंडी दाण्याच्या आत नव्हे, वरच्या सालीवर चिकटवतो. टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले तर तीच ती. दुकानदार म्हणेल ‘धूळ आहे, काका’. धूळ पुसली की जाते, अंडं नखानं खरवडावं लागतं.

घरी आणल्यावर आधी चाळणी, मग ऊन. उलटं नाही. पिठात होणारा तो बारीक तांबूस भुंगा अख्ख्या, निरोगी दाण्यात सहसा शिरत नाही. त्याला फुटका दाणा आणि भुसा लागतो. चाळणीखालची कणी आणि चुरा बाजूला काढला की त्याचं जेवणच गेलं. ती कणी आधी वापरून टाका किंवा गच्चीवर पाखरांना घाला, पण कोठीत नको. आमच्याकडे पाखडण्याचं काम हिच्याकडे आहे आणि माझ्या हाती सूप दिलेलं तिला चालत नाही, ते असो.

ऊन म्हटलं की आपण माळव्यातले लोक नशीबवान. मुंबईच्या नातेवाइकांना मे महिन्यात घाम येतो, आपल्याला कोरडं ऊन मिळतं. पारा चाळिशीपार, हवा खडखडीत, आणि रात्री गच्चीवर वारा. धान्य वाळवायला ह्याहून चांगलं काय पाहिजे? पण हे ऊन उधारीचं आहे. मृग लागण्याआधी सगळं उरकायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एखादी वळवाची सर आली की अर्धवट वाळलेला गहू पुन्हा ओल धरतो, आणि तोपर्यंत गच्ची शेजाऱ्यांच्या पापडांनी व्यापलेली असते.

जाड सुती चादर किंवा ताडपत्री अंथरा. थर दोन बोटांपेक्षा जाड नको, नाहीतर वरचा गहू भाजतो आणि खालचा तसाच राहतो. तास-दीड तासानं पायानं किंवा फावडीनं उलटापालट करा. गव्हाला अशी दोन-तीन उन्हं पुरतात. तूरडाळ, हरभराडाळ, अख्खे मूग ह्यांना एखादं चांगलं ऊन बस्स.

तांदूळ मात्र उन्हात घालू नका. कडक उन्हात तांदळाला बारीक तडे जातात आणि शिजताना त्याची कणी होते. तांदूळ सावलीत, पंख्याखाली, हवा लागेल असा पसरायचा.

पुढची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते, म्हणून जरा थांबून सांगतो. संध्याकाळी चारला गच्चीवरून गरम गहू गोळा केला, पिंप खाली नेलं, थेट कोठीत ओतलं आणि झाकण लावलं. काम संपलं असं वाटतं. पण रात्री कोठीचा पत्रा गार पडतो आणि आतला गहू गरमच असतो. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवल्यावर आतून जे होतं, तेच इथे होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला आणि कडेला दव जमतं, ते वरच्या थरावर पडतं, आणि श्रावणात झाकण उघडलं की कुबट वास आणि एकमेकांना चिकटलेले दाणे. इतकं ऊन दिलं ते सगळं वाया. म्हणून गहू खाली आणला की घरात पसरून रात्रभर गार होऊ द्यायचा. सकाळी मूठ भरून बघा, हाताला थंड लागला की मगच भरा. पहाटेचा गारवा हे माळव्याचं दुसरं देणं आहे, ते वापरा. गिरणीतून आणलेल्या पिठालाही हाच नियम: गरम पिठाचा डबा लगेच बंद करायचा नाही, परातीत काढून निववायचं.

तोवर कोठी तयार हवी. स्टीलची असो की जुनी जस्ती पत्र्याची, पूर्ण रिकामी करा. ‘तळाला चार किलो आहे, राहू दे, वरून नवा ओततो’ हे वाक्य आमच्या घरात बंद आहे. जुन्या चार किलोतले सोंडे नव्या पन्नास किलोत पसरतात. कोठीला खाली गहू काढायचं तोंड असेल तर त्या गळ्यात हमखास दाणे अडकतात. काडीला फडकं गुंडाळून तो गळा साफ करा. सांधे, झाकणाची आतली कड, तळाचा कोपरा, सगळं गरम पाण्यानं धुवा आणि झाकणासकट दिवसभर उन्हात उपडी घाला. जराही दमट असेल तर भरू नका. कोठी जमिनीवर टेकवू नका, खाली पाट किंवा विटा द्या. भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, आणि न्हाणीघराच्या पलीकडची भिंत असेल तर जागाच बदला.

कोठी काठोकाठ भरा. अर्धी रिकामी कोठी म्हणजे किड्यांना अर्धी कोठी हवा. घट्ट झाकणाच्या भरलेल्या कोठीत प्राणवायू कमी उरतो आणि किडे सुस्तावतात. पण हा फायदा झाकण उघडलं की जातो. म्हणून मोठ्या कोठीतून पंधरा दिवसांचा किंवा महिन्याचा गहू एकदाच काढून लहान डब्यात ठेवा, रोज कोठी उघडू नका. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावली तर उत्तम. पूर्वी गावाकडे शेणमातीनं लिंपत, हेतू तोच.

एरंडेलाबद्दल लोक फार विचारतात. इंदुरातली गुजराती कुटुंबं गव्हाला हमखास एरंडेल चोळतात, आपल्याकडे तूरडाळीला लावायची पद्धत आहे. किलोला अर्धा चमचा, फार तर एक. हाताला तेल लावून दाणा नि दाणा चकचकीत होईल इतकं चोळायचं, ओला करायचा नाही. तेलाचा थर अंड्याची हवा बंद करतो. म्हणजेच अंडी सालीवर घालणाऱ्या कडधान्याच्या भुंगेऱ्यावर ते नेमकं लागू पडतं. गव्हाच्या सोंड्याचं अंडं आधीच दाण्याच्या पोटात असेल तर तिथे तेल पोचत नाही. म्हणून माझी रीत अशी की अख्ख्या कडधान्याला आणि तूरडाळीला तेल लावतो, गव्हाला ऊन देतो. गव्हाला लावायचंच असेल तर दळायला नेण्याआधी ओलसर फडक्यानं पुसून वाळवून घ्या, नाहीतर गिरणीवाला कुरकुरतो.

पाला, लवंगा वगैरे टाकायचं असेल तर टाका, थोडीफार मदत होते. मात्र कडुनिंब सावलीत चुरचुरीत वाळवून, कापडाच्या पुरचुंडीत. झाडावरून तोडलेला हिरवा पाला कोरड्या गव्हात ठेवणं म्हणजे काढलेली ओल पुन्हा आत घालणं. आगपेटी तर काढूनच टाका. काडीच्या गुलात रसायनं असतात, ती आपल्या पिठात कशाला?

आणि दोन गोष्टी अजिबात नकोत. एक, पाऱ्याच्या टिकड्या. त्या धान्यासाठी म्हणून सर्रास विकल्या जातात. पारा विष आहे, तो पुरचुंडीत बांधला म्हणून खाण्याजोगा होत नाही. दुसरी, सल्फासच्या गोळ्या. गोदामवाल्यांचं बघून लोक घरच्या कोठीत टाकतात. त्या गोळीतून हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फीन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि धान्याच्या खोलीत झोपलेल्या माणसांचे जीव त्यानं गेलेले आहेत. गोदामात ताडपत्री टाकून, माणसं बाहेर काढून, शिकलेल्या लोकांकडून ते काम होतं. घराचा त्याच्याशी संबंध नाही. बोरिक पावडर लावलेला तांदूळ आणला असेल तर तीन-चार पाण्यांनी नीट धुवा. घरी आपण होऊन लावू नका.

इतकं करूनही कीड दिसली तर घाबरायचं कारण नाही, पण प्रामाणिकपणे बघायचं. गव्हात, तांदळात चार सोंडे फिरताना दिसले तर पसरून ठेवा, ते उजेडापासून पळतात. मग चाळा, आणि तेवढं धान्य आधी संपवा. मूठभर धान्य पाण्यात टाकून बघा: पोकळ दाणे तरंगतात. निम्मे तरंगले तर काय खातोय आपण? तुकडे आणि साल. पिठात जाळी धरली, रंग लालसर झाला किंवा उग्र वास आला तर चाळत बसू नका, टाकून द्या. तांबूस भुंग्याचा तो वास भाजून, चाळून जात नाही.

आता स्वयंपाकघरातले डबे. आमची सून पुण्याची. ती म्हणते, “बाबा, खाली दुकान आहे, फोनवर सामान येतं, वर्षाचं भरायचं कशाला?” बरोबर आहे तिचं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पोती रचण्यात शहाणपण नाही. गहू आणि तूरडाळ सोडली तर बाकी काहीही मीही महिना-दोन महिन्यांपलीकडचं भरत नाही.

रवा, मैदा, बेसन ही फोडलेली, दळलेली धान्यं, म्हणजे किड्यांना आयतं ताट. रवा आणल्याबरोबर कोरडाच मंद आचेवर भाजा, गार करा, डब्यात भरा. भाजायला वेळ नसेल तर पिशवी बंद करून फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवा, म्हणजे अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, ती घरच्या तापमानाला आली की मगच. नाहीतर थंड रव्यावर हवेतलं पाणी बसतं. बाजरीचं पीठ आठवड्यात कडवटतं, मक्याचंही लवकर खवट होतं, कारण दोन्हीत तेल जास्त. दळण लहानच आणा. बाफल्यासाठी (उकडून मग भाजायच्या आमच्या माळवी बाट्या) जाड पीठ काढताना पाहुणे किती येणार हे आधी ठरवा.

पोहे हा इंदूरचा विषय, तर त्याबद्दल. पोह्यांना ऊन दिलं तर ते चिवड्याला चांगले, पण सकाळच्या वाफेवरच्या पोह्यांसाठी फार वाळवू नका. भिजवताना चुरा होतो. चाळून, घट्ट डब्यात, महिनाभराचे.

शेंगदाणे फोडलेल्यापेक्षा शेंगेत जास्त टिकतात. दाणे आणलेत तर पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. हिरवट-काळी बुरशी दिसली किंवा दाणा कडू लागला तर तो एकटा दाणा काढून भागत नाही, आसपासचे सगळे टाका. त्या बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही. भगरीचंही तसंच. उपासाच्या दिवसांत जुन्या, ओल लागलेल्या भगरीनं लोक आजारी पडतात. एकादशीपुरती घ्या, निवडून धुवा, आणि पीठ लागलं तर घरीच दळा. सुटं तयार पीठ नको.

मिरची आमच्याकडे निमाडची. बेडियाच्या बाजारातून इंदुरात येते, उन्हाळ्याच्या तोंडाला घ्यावी. देठ दळायच्या वेळी काढा, आधी नको. तिखट काचेच्या बरणीत दाबून, वर हिंगाचा खडा, आणि बरणी उजेडात ठेवू नका, रंग उडतो. ओट्यावर, गॅसजवळ रांगेत मांडलेल्या बरण्या फोटोत छान दिसतात. मसाल्याचा वास तिथे दोन महिन्यांत जातो.

मीठ चिनीमातीच्या बरणीत. स्टीलच्या डब्यात ओलसर मीठ राहिलं तर डब्याला खड्डे पडतात. गूळ कागदात गुंडाळून घट्ट डब्यात, कारण तो हवेतलं पाणी ओढतो. चिंच बिया काढून, मीठ लावून. साखरेला मुंग्या येऊ नयेत म्हणून लवंग टाकतात. मी झाकण बदलतो.

राहिलं जिरावन, पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला. त्यात काळं मीठ असतं, म्हणून पावसाळ्यात ते गोळा होतं आणि लोक दुकानदाराला दोष देतात. दोष आपल्या हाताचा असतो: बाटली वाफाळत्या पोह्यांवर उपडी धरायची, वाफ आत जाते, झाकण लावलं की तिथेच अडकते. मोठी बाटली कपाटात राहू द्या, चार दिवसांचं जिरावन वाटीत काढा आणि कोरड्या चमच्यानं घाला. वाटीतलं गोळा झालं तर तव्यावर जरासं गरम करून हातानं मोडा, पुन्हा मोकळं होतं.